आम्हाला कसलीही ॲलर्जी नाही

“दीज टू हॅव ॲलर्जीज,” मेधाताई हॉटेलच्या मालकिणीला म्हणाल्या. “सेपरेट प्लेट फॉर देम, प्लीज.”

दीज टू म्हणजे मी आणि माझा नवरा मिलिंद.

सहा माणसांचं टेबल. मधोमध भलंमोठं ताट नुकतंच आणून ठेवलेलं. काबुली चण्यांचं हमस, वांगं भाजून केलेलं बाबागनूश, कोथिंबिरीसारखा पाला बारीक चिरून केलेली ताबुले, ऑलिव्ह, वाफाळलेला पाव. पावाचा तुकडा मोडायचा, मधल्या भांड्यात बुडवायचा, खायचा. सगळ्यांनी एकाच भांड्यात. तिथल्या जेवणाची रीतच तशी. आणि मेधाताई आमच्याकडे बोट दाखवून सांगून राहिल्या होत्या, ह्या दोघांचं वेगळं वाढा.

मला कसलीही ॲलर्जी नाही. शेंगदाणे खाते, तीळ खाते, झिंगे खाते. लहानपणी अंगणातली माती खाल्ली, तीही पचली. मिलिंदला तर दगड दिले तरी चालतात. मेधाताईंना हे सगळं चांगलं ठाऊक होतं. कितीतरी महिने त्याच टेबलावर, त्याच भांड्यात, त्यांच्या हाताशेजारी माझा हात जात होता. तेव्हा ॲलर्जी नव्हती.

आता हा ग्रुप काय होता ते सांगते, म्हणजे बाकीचं कळेल.

टोरांटोतल्या एटोबिकोत, एका प्लाझामध्ये, लाँड्रोमॅट आणि दातांच्या डॉक्टरच्या मध्ये, हे लेबनीज हॉटेल आहे. तिथे आपली वाइन आपण घेऊन गेलेली चालते. बाटली उघडून द्यायचे ते थोडे पैसे घेतात, त्याला कॉर्केज म्हणतात. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही तीन जोडपी तिथे जमायचो. अनिरुद्धदादा आणि मेधाताई, पुण्याचे, इथे येऊन पंचवीस वर्षं झालेले. माझ्या ऑफिसातली केतकी आणि तिचा नवरा. आणि आम्ही, नागपूरकडचे, सगळ्यात नवे. केतकीनेच आम्हाला त्यात आणलं. “अगं, मस्त ग्रुप आहे, सगळे आपल्यातलेच,” म्हणाली होती. आपल्यातले म्हणजे कोण, हे तेव्हा मी विचारलं नाही. आमचं आडनाव गावावरून, शेवटी ‘कर’ लागलेलं. नवऱ्याचं नाव मिलिंद, ते पुण्यातही असतं आणि आमच्या वस्तीतही घरोघर असतं. त्यांनी त्यांच्या सोयीने काय ते समजून घेतलं.

नियम असा की प्रत्येक जोडप्याने एक बाटली आणायची. सगळ्या बाटल्या उघडायच्या आणि सगळ्यांनी सगळ्यांची चाखायची. कुठली वाइन कुठल्या पदार्थाबरोबर, हे अनिरुद्धदादा ठरवणार. त्यांनी नायगराला वाइनचा शनिवार-रविवारचा एक कोर्स केला होता. तेवढ्यावर बाप्पा काय ते बोलणं! ग्लास तिरका धरायचा, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे. मग म्हणायचं, ओल्या दगडाचा वास येतोय. ओला दगड कधी हुंगला होता यांनी कोण जाणे. “पॅलेट, म्हणजे चव ओळखणारी जीभ, ही शिकवून येणारी गोष्ट नाही गं,” मला एकदा म्हणाले, “तो संस्काराचा भाग असतो. घरातून यावा लागतो.” यांच्या आजोबांच्या घरात वाइनची बाटली आली असती तर आजोबांनी आधी बाटली फेकली असती आणि मग विहिरीवर जाऊन आंघोळ केली असती. पण संस्कार!

मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही, आजही नाही. पण सुरुवातीला मजा यायची. मी नायगराची गुलाबी रोझे नेली होती, सगळ्यांत आधी तीच उघडली. “वा! याला म्हणतात चॉइस,” अनिरुद्धदादा म्हणाले. “ताबुलेतलं लिंबू आणि ही रोझे, मस्त जमतंय.” मेधाताई माझी भाषा दुरुस्त करायच्या, “‘करून राहिले’ नाही गं, ‘करतेय’ म्हणायचं.” तेही हसून सोडून द्यायचे मी. परक्या देशात मराठी बोलायला चार माणसं मिळाली होती ना.

मग जानेवारीत मिलिंदची नोकरी गेली. त्याची अख्खी टीमच काढली. कॅनडात जानेवारीत नोकरी जाणं म्हणजे काय, ते ज्याची गेली त्याला विचारा. घराबाहेर बर्फ, घरात माणूस लॅपटॉपपुढे बसून अप्लाय करतोय, अप्लाय करतोय, कुठूनच उत्तर नाही. त्यात अनिरुद्धदादा एका मोठ्या कंपनीत डायरेक्टर. त्यांनी स्वतःहून मिलिंदच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, “माझ्या टीममध्ये जागा निघतेय. तुझं नाव मीच पुढे करतो. काळजी नको.” मिलिंद त्या रात्री बऱ्याच दिवसांनी नीट झोपला. म्हणून आम्ही त्यांना घरी जेवायला बोलावलं.

मी पाटवडीचा रस्सा केला. मेधाताईंनी दोनदा मागून घेतला. “डबा भरून दे हं,” म्हणाल्या, मी भरला. जेवण झाल्यावर त्या वॉशरूमला गेल्या. आमच्या काँडोत वॉशरूमला जाताना डेन लागतं, मिलिंदची कामाची जागा. तिथे भिंतीवर बुद्ध आहे आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो आहे. आमच्या लोकांच्या घराघरांत असतो तोच. लपवलेला नव्हता. दार सताड उघडं होतं.

त्या परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच. गोड हसल्या. एवढं गोड आधी कधी हसल्या नव्हत्या. कॉफीला नको म्हणाल्या, अनिरुद्धदादांना म्हणाल्या, “निघूया का, उद्या लवकर उठायचंय.” उद्या रविवार होता. दार लावून आत आले तर भरलेला डबा किचन काउंटरवर तसाच. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, “अय्या, विसरलोच!”

आता त्यानंतरचे शनिवार ऐका.

आमची बाटली उघडणं बंद झालं. सरळ नाही म्हणत नव्हते, छे! सुशिक्षित माणसं ना ती. पहिल्यांदा अनिरुद्धदादा म्हणाले, “आज रोझे नको, जरा गोड वाटेल.” नंतर मी लाल नेली तर म्हणाले, “ही लॅम्बबरोबरची आहे गं, आज लॅम्ब कुठे मागवलंय?” पाच मिनिटांत टेबलावर लॅम्ब आलं आणि त्याबरोबर त्यांनी आपली लाल उघडली. आमची बाटली तशीच पिशवीत, पायाशी. “तुमचं कॉर्केज वाचलं की,” मेधाताई म्हणाल्या.

आमच्या ग्लासात मात्र ते आपली वाइन ओतायचे. ओतायचे म्हणजे कसे, वरून. बाटलीचं तोंड आमच्या ग्लासला लागू न देता, हातभर वरून धार धरायची. मला आधी वाटलं ही पण वाइनचीच काही रीत असेल, हवा लागावी लागते म्हणतात. मग पाहिलं तर केतकीच्या ग्लासला बाटली टेकत होती. तिच्या नवऱ्याच्याही. हवा फक्त आम्हालाच लागत होती.

मी मिलिंदला दाखवलं. तो म्हणाला, “तुले तं सगळ्यात तेच दिसते.” त्याला दिसत नव्हतं असं नाही. अनिरुद्धदादांच्या कंपनीत त्याचा दुसरा इंटरव्ह्यू व्हायचा होता.

आणि मग ती ग्रीक बाटली. अनिरुद्धदादांनी एकदा एक पांढरी ग्रीक वाइन आणली, सँटोरिनी बेटावरची. तिच्यावर अर्धा तास बोलले. समुद्राची खार, लिंबाची साल, पुन्हा तो ओला दगड. “ताहिनी, लसूण, लिंबू, काहीही समोर ठेवा, ही सगळ्यांना पुरून उरते. मेडिटेरेनियन जेवणाला हिच्यासारखी जोडी नाही.” मी फोनवर लेबलचा फोटो काढून ठेवला. पुढच्या महिन्यात दुकानात तो फोटो दाखवून तीच बाटली घेतली. तेच नाव, तेच लेबल, तेच साल. म्हटलं, आता बघू काय म्हणतात.

अनिरुद्धदादांनी बाटली हातात घेतली नाही. पिशवीतून मान बाहेर दिसत होती तेवढीच पाहिली, मी लेबल त्यांच्याकडे फिरवलं. “हं. ग्रीक. ट्राय चांगला आहे,” म्हणाले. “पण ही ताहिनीपुढे टिकत नाही गं. बॉडीच नाही हिला.”

केतकीला आठवत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या ग्लासात पाहिलं आणि ग्लास संपवला. मला त्या दिवशी अनिरुद्धदादांचा राग आला नाही. किळस आली. एवढा शिकलेला माणूस, डायरेक्टर, आणि खोटंही धड बोलता येत नाही. पण मी गप्प बसले, कारण मिलिंद टेबलाखालून माझा हात घट्ट धरून होता. इंटरव्ह्यू चांगला झाला होता. अनिरुद्धदादांची एक सही तेवढी बाकी होती.

तर असे आम्ही त्या शनिवारी येऊन बसलो होतो, आणि मेधाताई ॲलर्जी म्हणाल्या. वाइन वेगळी ठेवता येत होती, ग्लास वेगळे होतेच. हमसचं भांडं राहिलं होतं. त्याचीही सोय त्यांनी शोधली.

पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. ह्या देशात ॲलर्जी हा शब्द नुसता उच्चारला तरी हॉटेलवाल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. मालकीणबाई साठीच्या, केसांना रुमाल बांधलेला. त्यांनी ऐकलं मात्र, माझ्या पुढ्यातला पाव झटकन उचलला. ताट आमच्यापासून लांब सरकवलं. “कसली ॲलर्जी?” त्यांनी विचारलं.

मेधाताईंनी एवढा विचार केलाच नव्हता. “मेनी थिंग्ज,” म्हणाल्या. “जस्ट कीप इट सेपरेट.”

“नो, नो. आय हॅव टू नो. नट्स? डेअरी? सेसमी?” आणि त्या मिलिंदकडे वळल्या.

मिलिंदने अनिरुद्धदादांकडे पाहिलं. अनिरुद्धदादा बाटलीवरचं लेबल वाचून राहिले होते. मोठं साहित्य लिहिलेलं असावं त्यावर.

“येस,” मिलिंद म्हणाला. “सेसमी.”

माझा नवरा. तिळगुळाचा डबा एकट्याने संपवणारा माणूस.

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, मग माझ्या किचनमधलं तुम्हाला काहीच देता येणार नाही. ताहिनी म्हणजे तीळच. हमसमध्ये ताहिनी, बाबागनूशमध्ये ताहिनी, सॉसमध्ये ताहिनी, पावावरही तीळ. नवीन भांड्यात साधा भात शिजवून देऊ शकते, तेवढंच. मग माझ्याकडे वाकून, खूप काळजीने विचारलं, “तुमचं ॲलर्जीचं इंजेक्शन पर्समध्ये आहे ना?”

मी उत्तर द्यायच्या आधी मेधाताई बोलल्या. “राइस इज फाइन. राइस इज फाइन फॉर देम.”

माझ्या वतीने. मला न विचारता. चौघं हमस खाणार, लॅम्ब खाणार, आणि आम्ही दोघांनी त्याच टेबलावर पांढरा भात गिळायचा. कशाला, तर यांना विटाळ होऊ नये म्हणून. आणि वर त्या बिचाऱ्या बाईला वाटणार की आम्ही आजारी आहोत. माझ्या आजीला गावात तोंडावर सांगायचे, लांब बस. ती शिव्या देऊन लांब बसायची, पण निदान तिला माहीत असायचं की दुखणं कोणाचं आहे. मला तर यांनी रोगी ठरवून टाकलं, तेही प्लीज म्हणून.

मिलिंदने टेबलाखालून पुन्हा माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला.

“मला तिळाची ॲलर्जी नाही,” मी मालकीणबाईंना इंग्रजीत सांगितलं. “माझ्या नवऱ्यालाही नाही. आम्ही भारतात ज्या जातीत जन्मलो, तिला ही माणसं हलकी समजतात. आमचा हात लागलेल्या भांड्यातलं यांना खायचं नाहीये. म्हणून ह्या बाई तुमच्याशी खोटं बोलल्या.”

आवाज चढवला नाही. बसूनच बोलले. शेजारच्या टेबलावर एक गोरं म्हातारं जोडपं होतं, त्यांचे काटे थांबले.

मालकीणबाईंनी आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. “सो,” त्या हळूच म्हणाल्या, “नो सेसमी ॲलर्जी?”

“नो.”

“यू आर शुअर?”

“हंड्रेड पर्सेंट.”

त्यांनी हुश्श केलं आणि पाव परत माझ्या पुढ्यात ठेवला. त्यांना आमच्या जातीशी काही घेणंदेणं नव्हतं. आपल्या हॉटेलात आज कोणी मरत नाही, एवढं कळलं आणि त्या निघाल्या. मी त्यांना थांबवून पिशवीतली तीच न उघडलेली ग्रीक बाटली दिली, उघडा म्हटलं. त्यांनी उघडली. कॉर्केज माझ्याकडून.

आता अनिरुद्धदादांना वाचा फुटली. “हे बघ, तुझा काहीतरी गैरसमज होतोय. आम्ही असलं काही मानत नाही. आमच्या घरी सगळे येतात.”

“बरं,” मी म्हटलं. “मग खा.”

पावाचा ताजा तुकडा मोडला. हमसच्या भांड्यात अगदी मधोमध बुडवला, कडेकडेने नाही. खाल्ला. दुसरा तुकडा मोडला, बाबागनूशमध्ये बुडवला. मग ताट दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढे ठेवलं. “घ्या.”

“मला ॲक्च्युअली फारशी भूक नाहीये.”

“मेधाताई, तुम्ही?”

“माझं ना, सकाळपासून पित्त झालंय.”

केतकी फोनमध्ये बघत होती. तिचा नवरा उठून वॉशरूमला गेला, तो जेवण होईस्तोवर आलाच नाही. पाच मिनिटांपूर्वी ही माणसं मेन्यू तोंडपाठ म्हणून राहिली होती. आता एकालाही भूक नाही! अशी घरंदाज, शिकलेली, पासपोर्ट बदललेली माणसं हमसच्या भांड्याला घाबरून बसली होती. मला हसू आलं. खरंच आलं, आणि मी ते दाबलं नाही.

मी ग्लास भरला आणि जेवले. लॅम्ब आलं, ते खाल्लं. ताबुले खाल्ली. वाइन जमली की नाही जमली, मला सांगता येणार नाही. थंड होती, आंबट होती, मी प्यायले. मिलिंद खाली मान घालून बसला होता, त्याने घासही घेतला नाही. अनिरुद्धदादा आणि मेधाताई मध्येच उठले. जाताना मेधाताई म्हणाल्या, “तुम्हाला इतकं जवळ केलं, त्याचं हे फळ.” जवळ केलं! हातभर वरून धार धरून!

गाडीत मिलिंद खिडकीकडे तोंड करून बसला. हायवेवर आल्यावर फुटला. “दोन वाट्या भातच तं होता. खाल्ला असता तं काय बिघडलं असतं? एक आठवडा थांबली असती तं सही झाली असती.”

“आणि सहीनंतर?” मी म्हटलं. “ऑफिसात जेवणाच्या टेबलावर तुले कोणती ॲलर्जी सांगितली असती त्यानं? पोरं झाल्यावर पोराईले कोणती?”

“मले नोकरी पायजे होती.”

“मलेही पायजे होती. पण तुह्या हिमतीची नोकरी. त्याची भीक नाही.”

तो रडला. मी गाडी चालवत होते, मी नाही रडले. मला वाईट वाटत होतं, त्याच्यासाठी वाटत होतं, पण माझं चुकलं असं एका क्षणालाही वाटलं नाही.

सोमवारी अनिरुद्धदादांची ईमेल आली. ती जागा सध्या होल्डवर आहे. कंपनीच्या साइटवर ती त्यानंतर कितीतरी दिवस दिसत होती. केतकीचाही मेसेज आला, “तुझा पॉइंट बरोबर असेल, पण असं पब्लिकमध्ये बोलायला नको होतं. प्रायव्हेटली सांगायचंस ना.” मला पब्लिकमध्ये वेगळं बसवलेलं चाललं. मी पब्लिकमध्ये बोललेलं चाललं नाही. मी तिला उत्तर दिलं नाही, आणि ऑफिसात ती कॉफीला बोलावते तेव्हा जातही नाही.

मिलिंद सध्या शहराबाहेर वॉनला एका गोदामात काम करतो. दिवसभर हातात स्कॅनर, पायात लोखंडी टोकाचे बूट. घरी आला की पाय शेकतो आणि पुन्हा अप्लाय करायला बसतो. माझ्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही. असू दे. मी त्याला समजावत नाही, पाणी गरम करून देते.

परवा एका बाईंचा फोन आला. ओळख नव्हती, कुणाकडून तरी नंबर मिळाला म्हणाल्या. इथल्या मराठी जोडप्यांचा नवा ग्रुप करतायत, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, प्रत्येकाने एक पदार्थ करून आणायचा. आवाज गोड होता. मूळच्या कुठल्या, आडनाव काय, गाव कुठलं, असं घोळून घोळून विचारायला लागल्या. त्यांना काय हवं होतं ते मला कळलं. मी त्यांचा त्रास वाचवला.

“आम्ही बौद्ध,” मी म्हटलं. “पूर्वीचे महार. मी पाटवडीचा रस्सा आणीन. तुम्ही सगळे खाणार असाल तर येते.”

मग त्या म्हणाल्या, “अहो, आम्ही असलं काही मानत नाही हो.” आणि लगेच, “बाकीच्यांना विचारून कळवते.”

“विचारा,” मी म्हटलं. “मी जे सांगितलं तेच शब्द वापरून विचारा.”

मिलिंद डेनमधून ऐकत होता. “येतील का?” त्याने विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

मला खरंच माहीत नाही, आणि आता त्याची पर्वाही नाही. यापुढे ज्या टेबलावर बसेन तिथे पहिलं वाक्य माझं असेल. नाव, मग जात, मग जेवण. कुणाला भिंती तपासायला लागू नयेत, कुणाला ॲलर्ज्या शोधायला लागू नयेत. मी ताट उचलून कोपऱ्यात जाणार नाही, वेगळी वाटी घेणार नाही, नोकरीसाठी नाही, ग्रुपसाठी नाही, नवऱ्यासाठीसुद्धा नाही. माझ्या शेजारी ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही त्याने खुशाल उपाशी उठावं. मी पोटभर जेवूनच उठणार.